भिंतीवरची देवी

हळद बुधीच्या कोपरापर्यंत उतरली होती आणि गोकुळ अजून आला नव्हता.

आश्रमशाळेच्या मैदानावर एकवीस जोड्यांचे पाट मांडले होते. बुधीचा अकरावा. वर हिरवी जाळी, तिच्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी अंगावर पडत होतं. पाटावर शेजारी लक्ष्या बसला होता. बत्तीस वर्षं तो तिच्या शेजारीच बसत आला होता, पण कधी चुलीपुढे, कधी बांधावर. आज त्याच्या डोक्यावर भगवा फेटा होता आणि तो सारखा कानावर येत होता.

"ताडी देतील का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"गप बस. फाट्यावर लिवलंय, दारू पिऊन येणाऱ्याला भांडी नाय."

"मी भांड्यांसाठी कुठं आलो? मी तुझ्यासाठी आलो."

बाराव्या पाटावरची रुपी फिदीफिदी हसली. ती पंचवीस वर्षांची, मांडीवर पोर घेऊन बसलेली. या मैदानात कडेवर पोर असलेल्या नवऱ्या निम्म्या होत्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माणसं आधी घर करतात, लग्न जमेल तेव्हा. बुधीचंही तसंच झालं. दर वर्षी भाताची लावणी की लग्न, असा प्रश्न यायचा आणि दर वर्षी भात पुढं जायचा. पण आता शुक्रवारी प्रगतीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न होतं. आईबापाचं लग्न राहिलेलं असेल तर लेकीचा मांडव उभा राहत नाही. म्हणून आज काही झालं तरी लग्न लागायलाच हवं होतं.

पंचायतीच्या सामुदायिक विवाहात नाव घाल, हे तुषारनं सुचवलं. तुषार म्हणजे लक्ष्याच्या थोरल्या बहिणीचा, जयवंतीचा मुलगा. गावची सरपंच त्याची बायको पुष्पा, पण सगळे सरपंच त्यालाच म्हणायचे. बुधीनं एकच अट घातली होती. मांडवाची पहिली मेढ तिचा भाऊ गोकुळ रोवेल. बहिणीच्या मांडवाची मेढ भावानंच रोवायची असते.

"त्यात काय मामी, रोवू की," तुषार म्हणाला होता.

इथं आली तर मांडव आधीच उभा. लोखंडी पाइपांचा, नट-बोल्ट आवळलेला. मेढ कुठंच नव्हती.

* * *

जयवंती सकाळपासून उपाशी होती. गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरीला ते चुकत नाही. ज्या जोडप्याचं लग्न गायचं, ते पिठानं काढलेल्या लग्नचौकासमोर बसेपर्यंत तिच्या पोटात पाणी जात नाही. एरवीही तिचा नेम असतो. पहाटे उठून धान्यदेवी कणसरीच्या टोपलीत मूठभर दाणे घातल्याशिवाय चहा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत तो नेम दोनदा चुकला, आणि त्या दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

तिचा आवाज बारीक. धवलेरी म्हणून दहा गावांत मान, पण गाताना समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. संदीप, तुषारचा माइकवाला, मघाशी तिच्या तोंडासमोर माइक धरून गेला होता.

"आत्या, यात बोल. पार फाट्यापर्यंत ऐकू जाईल."

"देवीला ऐकू जातंय तेवढं पुरं हाय," ती म्हणाली होती.

आता ती चौक बघायला निघाली. चौकाशिवाय गायचं कसं, आणि एकवीस चौक कुणी काढले, एवढ्या सवाशिणी कुठून आणल्या, याचं तिला खरंच कौतुक वाटत होतं. पहिल्या पाटापाशी आली, आजूबाजूला पाहिलं. मग पायाखाली पाहिलं.

पाटाखाली फ्लेक्स अंथरला होता. गुळगुळीत, रबरी वासाचा. त्यावर चौक छापलेला. कडेची वेलबुट्टी, घोडा, कंगवा, सूर्य, चंद्र, सगळं जागच्या जागी. मधोमध पालघाट देवी. तिला चेहरा दिला होता, मुकुट दिला होता, ओठ लाल केले होते. एका कोपऱ्यात कार्यक्रमाला येणाऱ्या साहेबांचा हात जोडलेला फोटो. आणि देवीच्या छातीवर पाट ठेवून नवरा-नवरी बसली होती. फोटोवाला देवीच्या पायांवर बूट ठेवून उभा होता.

जयवंतीनं पटकन पाय मागे घेतला. चप्पल तिनं दाराशीच काढली होती, तरी.

स्टेजच्या मागे तुषार फोनवर बोलत होता. "साहेब, निघालात का? तलासरी सोडलं का?" आईला पाहून त्यानं फोन खिशात घातला. "आये, पाहिलेस का चौक? खास नाशिकहून छापून आणले. एकवीसच्या एकवीस सारखे."

"तुषार, चौक कुठं काढतात?"

"म्हणजे?"

"घरात कुठं काढतात?"

तुषारला क्षणभर खरंच आठवेना. लहानपणी आतल्या खोलीतून पिठाचा वास यायचा, बायका खिदळायच्या, आणि तो दारात डोकावला की कुणीतरी ओल्या हातानं त्याच्या गालावर पांढरी बोटं ओढून त्याला हाकलायचं. पुढे तो आश्रमशाळेत गेला, मग जव्हारला कॉलेजात, मग संघटनेत. चौकाचं चित्र त्यानं फोनवर शोधलं होतं. एका साडीच्या पदरावर सापडलं.

"भिंतीवर," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं.

"भिंतीवर. देवी भिंतीवर असते. माणसं तिच्यासमोर बसतात. तू तिला ढुंगणाखाली घातलीस."

"आये, हळू. माइक चालू असंल."

"मी हळूच बोलते. जलमभर हळूच बोलले."

त्याचे कान तापले होते. "चूक झाली. मुद्दाम केलं का? आता साहेब येतील, फोटो होतील, मग काढून टाकू. एवढा मोठा कार्यक्रम पंचायतीनं केला, आपल्या धर्मासाठी केला, ते नाय दिसत तुला?"

"गोकुळ कुठं हाय?"

तुषारनं नजर गेटकडे वळवली. मग म्हणाला, "गेटवर हाय. पोरांनी थांबवलंय."

"का?"

"तो प्रार्थनेला जातो, आये. सगळ्यांना माहिती हाय. साहेबांच्या समोर त्याला मांडवात कसा घेऊ? उद्या मलाच विचारतील, तुझ्याच घरात हे काय."

"त्याच्या बायकोला तिथं बरं वाटलं म्हणून जातो. रविवारी जातो, सोमवारी येऊन माझ्या अंगणात बसतो. माझ्या कणसरीचं त्यात काय गेलं?"

"हा धर्माचा प्रश्न हाय. तुला नाय कळायचं."

जयवंतीनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या मिशीला पोह्याचा एक दाणा चिकटला होता.

"सकाळपासून उपाशी कोण हाय, तुषार? तू का मी?"

* * *

गोकुळ खरोखर गेटवरच होता. खांद्यावर उंबराची मेढ, ताजी तोडलेली, चीक अजून ओघळत होता. उपरणी घातलेली तीन पोरं त्याच्यासमोर उभी होती. त्यातल्या एकाला त्यानं झाडावर चढायला शिकवलं होतं. तो पोरगा मोबाइलमध्ये बघत होता.

प्रगतीनं मामाला पाहिलं आणि ती गेटकडे निघाली, तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"आता सरपंच पुष्पाताई शपथ वाचतील," संदीप म्हणाला. "सर्व वधू-वरांनी उजवा हात पुढे करून त्यांच्यामागून म्हणायचं आहे. साहेब वाटेत आहेत, तोपर्यंत आपण एकदा सराव करून घेऊ."

पुष्पा स्टेजवर उभी राहिली. हातातला कागद तिनं पहिल्यांदाच पाहिला. दोन वर्षं ती सरपंच होती आणि दोन वर्षं तुषार जिथं बोट ठेवेल तिथं सही करत आली होती. बारावी शिकलेली होती ती. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. वाचायला कागद हातात येतच नव्हता. शिक्कासुद्धा तुषारच्या मोटारसायकलच्या डिकीत.

"आम्ही आज देवा-ब्राह्मणांच्या साक्षीनं शपथ घेतो," तिनं वाचलं. एकवीस जोड्या पुटपुटल्या.

"की आम्ही आपला धर्म, आपल्या चालीरीती पाळू."

पुटपुट.

"जे धर्म सोडून परक्या प्रार्थनेला जातात, त्यांच्याशी आम्ही रोटी-बेटीचा व्यवहार ठेवणार नाही. त्यांना घरच्या कार्यात," इथं तिचा आवाज कमी झाला, "बोलावणार नाही. त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही. येत्या सोमवारी ग्रामसभेत येणाऱ्या ठरावाला आमचा पाठिंबा..."

खाली तिचं नाव छापलं होतं. निमंत्रक म्हणून. गावात सगळे तिला सरपंचबाई म्हणत आणि बोलत तुषारशी. एकटा गोकुळमामा तिला पुष्पे म्हणायचा. विचारायचा, "पुष्पे, पंचायतीत काय ठरवलंस गं?" जणू तिनंच काही ठरवलं असेल.

पुटपुट या वेळी आली नाही. अकराव्या पाटावरून एक बाई उभी राहिली होती.

"पुष्पा, ते परत वाच," बुधी म्हणाली. "पाणी पिणार नाय, ते."

पुष्पानं कागद खाली केला.

"मामी, बस खाली," तुषार स्टेजच्या पायरीवरून म्हणाला. तो हसत होता. "नुसती शपथ हाय. सगळे घेतात."

"माझा भाऊ गेटवर का उभा हाय?"

"ते नंतर बघू."

"नंतर कवा? लग्न लागल्यावर मेढ रोवतात का?"

लोक हसले. संदीपनं माइक उचलला. "काकी, शपथ घ्यायची नव्हती तर फॉर्मवर अंगठा कशाला दिलास? बाजाराच्या दिवशी दिलायस. हा बघ, फाइलमध्ये हाय."

प्रगती तोवर स्टेजपाशी आली होती. तिनं फाइल ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. तेच शब्द. खाली आईचा अंगठा, निळा, जरा तिरपा. त्याच्याशेजारी बापाचा.

"आये, अंगठा हाय," ती म्हणाली.

"मला म्हणाले, साडीच्या मापाचा कागद हाय," बुधी म्हणाली.

"साडीला कसलं आलंय माप?" लक्ष्या म्हणाला, आणि आता मात्र सगळं मैदान हसलं. तुषारचं हसू गेलं.

"मामी, शुक्रवारी प्रगतीचं लग्न हाय. आज तुझं नाय लागलं तर तिचं अडेल. विचार कर. आणि तिच्या लग्नाची नोंद पंचायतीतच करायची हाय, ते पण विसरू नको."

हे त्यानं माइकवर म्हटलं नाही, पण पहिल्या चार रांगांनी ऐकलं. बुधीनं लेकीकडे पाहिलं. प्रगतीनं फाइल मिटून संदीपच्या छातीवर ठेवली. मान नकारार्थी हलवली. एवढंच.

बुधीनं डोक्यावरच्या मुंडावळ्या सोडल्या. गाठ हळदीनं निसरडी झाली होती, वेळ लागला.

"अंगठा माझा, पण शब्द तुझे हायेत तुषार," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं बिनलग्नाची राहिले. पोर वाढवली, सासरा सासू पोचवली. कुणी मला वाईट नाय बोललं. भावाला दाराबाहेर ठेवून नवरी व्हायचं असंल तं मी आजून बत्तीस वर्षं बिनलग्नाची राहीन. चल ओ."

लक्ष्यानं फेटा काढून पाटावर ठेवला. नीट, घडी मोडू न देता. "कानावर येत होता," तो संदीपला म्हणाला.

मग जयवंती उठली. अकराव्या पाटाखालचा फ्लेक्स तिनं ओढून काढला, देवी आत येईल अशी गुंडाळी केली आणि काखेत धरली. एवढं केल्यावर तिला भोवळ आली. प्रगतीनं तिला धरलं. माणसांच्या मधून वाट काढत चौघं गेटकडे निघाली तेव्हा मागून पाट सरकल्याचा आवाज आला. रुपी पोर काखोटीला मारून उभी राहिली होती. तिचा नवरा तिच्याकडे बघत होता, बसावं की उठावं ते त्याला कळत नव्हतं.

"बघतोस काय? माझी मावशी पण जाते प्रार्थनेला," रुपी म्हणाली.

बाकीचे एकोणीस बसून राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची त्याची अडचण असते.

* * *

लक्ष्या-बुधीचा खडकपाडा तिथून तीन किलोमीटर. जीपवाला हात दाखवून निघून गेला. त्याच्या काचेवर कार्यक्रमाचं स्टिकर होतं. सगळी चालत निघाली, मागे रुपी आणि तिचा नवराही. गोकुळ पुढे, खांद्यावर मेढ. त्याची बायको नवशी घरीच थांबली होती, उगाच माझ्यामुळे नको म्हणून. वाटेत तो एकदाच बोलला.

"बाय, मी आलोच नसतो तं तुझं लागलं असतं."

"लागलं असतं," बुधी म्हणाली. "मग तुला पाणी कुणी दिलं असतं?"

लक्ष्याच्या अंगणात गोकुळनं खड्डा खणला. पहारीच्या पहिल्या घावाला दगड लागला. खडकपाड्यात लागतोच. त्यानं जागा बदलली नाही, दगड काढला. उंबराची मेढ उभी राहिली. लक्ष्यानं वर आंब्याचे डहाळे टाकले. जिवा शेजाऱ्यानं न विचारता ताडीचं मडकं आणून ठेवलं, आणि मग कुणाला आपण इथं दिसायला नको म्हणून परसातून निघून गेला.

अडलं ते आत. भिंत शेणानं सारवून झाली, गेरूचा हात फिरला, तांदळाचं पीठ कालवलं. पण चौक काढायला सवाशिणी हव्यात, आणि पाड्यातल्या सगळ्या मैदानावर. नवशी तेवढी आली होती, ती उंबऱ्याशी घुटमळत उभी.

"मी काढलं तं चालंल का?" तिनं विचारलं. "मी आता..."

"तुझा नवरा जिता हाय ना? अंगणात पहार मारतोय ना?" जयवंती म्हणाली. "मग ये. पण एकटीनं नाय होत. दोघी तरी लागतात, आणि गाणारीला चौकाला हात लावता येत नाय. रुपीचंही आजच लागायचं, ती सवाशीण नाय धरता येत."

ऊन उतरायला लागलं. जयवंती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. ओठ कोरडे पडले होते. प्रगतीनं पाण्याचा तांब्या आणला तसा तिनं तो हातानं बाजूला केला. मग प्रगती तांब्या घेऊन तिच्याशेजारी बसली.

पावलं वाजली. पुष्पा आली होती. चालत, एकटी. स्टेजवरची पैठणी तशीच, काठाला फुफाटा लागलेला, पायात चप्पल नाही. तुटली असावी. दारात तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि सासूसमोर वाकली.

"साहेब आले का?" जयवंतीनं डोळे न उघडता विचारलं.

"आले. आल्या आल्या विचारलं, सरपंचबाई कुठंयत. मी तवा वाटेत होते, फोनवर कळलं." ती थांबली. "मला चौक काढता येतो. माझ्या आईनं शिकवलाय. पीठ दाट झालंय, जरा पाणी घाला."

ते दोन हात भिंतीवर चालू लागले, एका बाजूनं नवशीचा, एका बाजूनं पुष्पाचा. आधी चौकट, मग कंगव्याचे दात, मग घोडा. नवशीचा घोडा जरा ढेरपोट्या झाला. रुपी म्हणाली गाभण दिसतो, आणि आत बायका खूप दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या. देवी शेवटी. पुष्पानं तिला चेहरा काढला नाही. नुसतं डोकं, हात, पाय. एवढ्यावर ती ओळखू येते.

मोटारसायकल अंगणाबाहेर थांबली तेव्हा बुधी आणि लक्ष्या चौकासमोर बसले होते, मागे रुपी आणि तिचा नवरा. जयवंतीनं गायला सुरुवात केली होती. तिचा तो बारीक आवाज, दारापर्यंत जेमतेम येणारा.

तुषार मेढीपाशी उभा राहिला. फेटा हातात होता. त्यानं बायकोला बाहेर बोलावलं. ती आली, हात मनगटापर्यंत पांढरे.

"साहेबांसमोर माझी लाज काढलीस. चल. शेवटचा फोटो राहिलाय."

"नाय."

"पुष्पा, मी नीट सांगतोय. सोमवारी ग्रामसभा हाय. ठराव तुझ्या नावानं हाय."

"माझ्या नावानं हाय म्हणूनच सांगते. सही नाय करायची मी. शिक्का डिकीतून काढून द्या. नाय दिला तं तालुक्याला जाऊन लिहून देईन, शिक्का माझ्याकडं नाय, कुणाकडं हाय ते." तिनं हे सगळं मान खाली घालून म्हटलं. मग मान वर केली. "आणि प्रगतीच्या लग्नाची नोंद होईल. सरपंच मी हाय."

तुषारनं तिच्या पलीकडे पाहिलं. आत अर्धवट अंधारात पांढरी देवी भिंतीवर उभी होती. लहानपणी पाहिली होती तिथंच. आईची पाठ त्याच्याकडे होती.

धवलेरीच्या गाण्यात आधी देव बोलवतात, मग माणसं. नवरीकडची, नवऱ्याकडची, एकेकाचं नाव घेऊन, मांडवाखाली या म्हणून. कुणाला वगळायचं नसतं. नाव राहिलं तर लग्न पुरं होत नाही. जयवंतीनं कणसरीला बोलावलं, हिरव्या देवाला बोलावलं, वाघदेवाला बोलावलं. मग मेढ रोवणाऱ्या भावाची पाळी आली. तिनं गोकुळचं नाव घेतलं.

"आये," तुषार बाहेरून म्हणाला. "त्याचं नाव नको. गावात राहायचंय आपल्याला."

गाणं थांबलं. कोपऱ्यात बसलेल्या गोकुळनं उठायला गुडघ्यावर हात ठेवला. बुधीनं चौकावरची नजर न काढता त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

जयवंती मागे वळली नाही. तिनं श्वास घेतला. सकाळपासूनच्या रिकाम्या पोटातून कुठून आला कुणास ठाऊक, पण तो आवाज कुणी कधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पलीकडच्या घरात लपून बसलेल्या जिवानं तो ऐकला, आणि पाणवठ्यावरून परत येणाऱ्या बायकांनी ऐकला. तिनं गोकुळचं नाव पुन्हा घेतलं. त्याच्यापाठोपाठ नवशीचं घेतलं. आणि मग, त्याच आवाजात, आपल्या मुलाचं.